मुलाचा 'ताबा' : एका शब्दाची हकीकत

घराचा ताबा, शेताचा ताबा, वखारीचा ताबा, हे शब्दप्रयोग आपणां सर्वांच्या कानांवरचे आहेत. ताबा घेतात, ताबा देतात, ताबा सुटतो; खरेदीखतात तो दिल्याचा उल्लेख राहून गेला तर दोन पिढ्या कज्जा चालतो. परंतु नवराबायकोचे बिनसले आणि प्रकरण कोर्टाच्या पायरीशी गेले, म्हणजे हाच शब्द कालपर्यंत अंगणात खेळणाऱ्या पोराला जाऊन चिकटतो, आणि मौज अशी की आपल्यापैकी कोणालाही त्यात काही विपरीत वाटत नाही. शब्द मूळचा अरबी. 'ताबेदार' हा त्याचाच सोयरा. इंग्रजांची स्थिती आपल्याहून बरी होती असे मात्र नव्हे. त्यांच्याही भाषेत चोर आणि मूल ही दोन्ही एकाच 'कस्टडी'त जात असत.

आपल्या सातबाराच्या उताऱ्यावर लहान मुलाचे नाव असले, तर त्यापुढे 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे आढळतात. त्यांचा उलगडा 'अज्ञान पालनकर्ता' असा. अज्ञान म्हणजे वयात न आलेला. ज्यांनी गावचे जुने उतारे चाळले असतील त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल : 'अ. पा. क. आई' अशी नोंद दिसली की समजावे, बाप वारला आहे. बाप हयात असताना आईचे नाव त्या जागी सहसा येत नसे. ही तीन अक्षरे तलाठ्याने आपल्या मनाने लिहिलेली नव्हेत. त्यांच्यामागे दीडदोनशे वर्षांचा कायदा उभा आहे. त्या कायद्याची हकीकत येथे सांगावी असे आम्ही योजले आहे. मूल कोणाचे, हा प्रश्न न्यायासनाने फार काळ विचारला. मुलाला कोण कोण आहे, हा प्रश्न त्याला फार उशिरा सुचला, आणि अजूनही तो पुरता अंगवळणी पडलेला नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आरंभ इंग्लंडपासून करणे भाग आहे, कारण आपल्या कोर्टांनी उचललेली तत्त्वे बहुतेक तेथलीच. तेथे विवाहानंतर स्त्रीची स्वतंत्र कायदेशीर व्यक्तीच उरत नसे. मग मुलावर तिचा हक्क कुठला? १८०४ साली लंडनच्या राजन्यायालयापुढे एक प्रकरण आले. एका फ्रेंच गृहस्थाची इंग्रज पत्नी त्याला सोडून वेगळी राहत होती. तिच्याजवळ आठ महिन्यांची मुलगी होती. नवऱ्याने येऊन ते अंगावर पिणारे मूल आईपासून हिसकावून नेले. आईने कोर्टाकडे दाद मागितली. न्यायमूर्तींनी सांगितले की मुलावर बापाचा हक्क आहे, आणि मुलाला इजा पोचते आहे असे काही दिसत नाही. निकाल कायद्याला धरून होता. दोष कायद्यात होता.

तो कायदा प्रथम हलवला एका बाईने. कॅरोलाइन नॉर्टन ही नाटककार शेरिडनची नात. स्वतः लेखिका, रूपवती, आणि राजकीय पुढाऱ्यांच्या बैठकीत वावरणारी. नवरा जॉर्ज नॉर्टन मारकुटा होता. १८३६ साली त्याने तिला घराबाहेर ठेवले, तीन मुलगे आपल्या हाती घेतले आणि खुद्द पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर आपल्या पत्नीशी गैरसंबंध ठेवल्याचा दावा ठोकला. दावा साफ फेटाळला गेला. म्हणजे पत्नी निर्दोष ठरली, आणि तरीही मुले बापाकडेच राहिली! तिने ती कोठे आहेत हे विचारावे, तर तेही सांगण्यास तो बांधलेला नव्हता. कॅरोलाइनने मग लेखणी उचलली. पत्रके छापली, पार्लमेंटातल्या ओळखी कामाला लावल्या. टॅलफोर्ड नावाच्या वकील सभासदाने विधेयक आणले, आणि १८३९ साली कायदा झाला. कायदा म्हणावा तर केवढासा! आईने चॅन्सरी कोर्टात अर्ज करावा. सात वर्षांखालील मूल तिच्याकडे देता येईल, त्याहून मोठ्या मुलाची भेट घडवता येईल. मात्र तिच्यावर व्यभिचार शाबीत झालेला नसावा. तरीही जन्मदात्या आईला न्यायासनापुढे 'माझे मूल' असे म्हणण्याची सोय या कायद्याने प्रथम झाली.

कॅरोलाइनला स्वतःला त्याचा काय उपयोग झाला? काहीही नाही. मुले बापाने स्कॉटलंडात नेऊन ठेवली होती, आणि इंग्लंडच्या कोर्टाचा हुकूम तेथे चालत नव्हता. १८४२ साली धाकटा मुलगा विल्यम घोड्यावरून पडला, जखम चिघळली. आईला निरोप गेला, ती निघाली, पण ती पोचण्यापूर्वीच मुलगा गेला होता. मूल परमुलखात नेऊन ठेवले की कोर्टाचे हात तोकडे पडतात, ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वी जितकी खरी होती तितकीच आजही आहे. स्कॉटलंडच्या जागी अमेरिका वा ऑस्ट्रेलिया घाला, म्हणजे आपल्या पुण्यामुंबईकडच्या किती तरी घरांची कहाणी तयार होते.

पुढचे कायदे भराभर सांगून टाकतो. १८७३ साली वयाची मर्यादा सोळापर्यंत गेली; १८८६ साली मुलाच्या हिताचा विचार करावा असे शब्द आले; १९२५ साली मुलाचे हित हेच सर्वांत आधी, असे ठरले.

मध्यंतरी एक प्रकरण घडले ते मात्र आपल्या जवळचे आहे, म्हणून तेथे थोडे थांबू. अॅनी बेझंट यांचे नाव येथे कोणास अपरिचित नाही. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली, त्याच वर्षी बाईंनीही काढली. परंतु मुलांच्या कज्ज्यात त्या दोनदा सापडल्या, एकदा आई म्हणून आणि एकदा पालक म्हणून, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्यांचे यजमान फ्रँक बेझंट हे पाद्री. बाईंचा धर्मावरचा विश्वास उडाला आणि १८७३ साली दोघे विभक्त झाले. मुलगा डिग्बी बापाकडे आणि मुलगी मेबल आईकडे, असा लेखी करार झाला. १८७७ साली बाईंनी चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासमवेत संततिनियमनावरची एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि त्यांच्यावर खटला झाला. ते निमित्त करून नवऱ्याने मुलगी मागितली. १८७८ साली न्यायमूर्ती जेसेल यांनी लहानगी मेबल आईकडून काढून घेतली. आई मुलीला छळत होती काय? उपाशी ठेवत होती काय? छे! प्रेमाबद्दल, काळजीबद्दल तक्रारच नव्हती. आई नास्तिक आहे आणि असली पुस्तके छापते, हा दोष. हित हा शब्द कोर्टाच्या तोंडी होता, पण मुलीचे हित कशात हे ठरवणारा चष्मा समाजाच्या रूढ मताचा होता. कोर्टात 'हित' हा शब्द उच्चारला की सर्व काही सुरळीत झाले असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण विसरू नये.

त्यानंतर बाईंनी जे केले ते चटका लावणारे आहे. भेटीचा हक्क नावापुरता होता. पण प्रत्येक भेट मुलांना ओढाताणीची होते आहे हे पाहून त्यांनी, मुले जाणती होईपर्यंत त्यांना भेटणेच सोडून दिले. मोठी झाल्यावर दोन्ही मुले आपण होऊन आईकडे आली.

दुसरे प्रकरण मद्रासचे. जिद्दू नारायणय्या या गृहस्थांनी १९१० साली आपले दोन मुलगे, कृष्णमूर्ती आणि नित्यानंद, यांचे पालकत्व बाईंना लिहून दिले. पुढे त्यांचे मन फिरले आणि १९१२ साली त्यांनी दावा लावला. बाईंनी मद्रासच्या हायकोर्टात आपले काम स्वतः चालवले आणि त्या हरल्या. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. दावाच चुकीच्या रीतीने लावला होता, हे एक कारण. पण आणखीही एक गोष्ट त्या न्यायाधीशांना खटकली. ज्यांच्यासाठी हे सर्व चालले आहे ते मुलगे इंग्लंडात शिकत आहेत, वाढते आहेत, आणि त्यांचे म्हणणे काय हे कोणी ऐकलेलेच नाही! जन्म देणारी आई म्हणून जी हरली तीच परक्या मुलांची पालक म्हणून जिंकली. आणि दोन्ही निकालांच्या मध्ये छत्तीस वर्षांत कोर्टाला एवढे उमगले की मुलालाही तोंड असते.

आता आपल्या घराकडे वळू. हिंदू समाजात घटस्फोट नव्हता असे सरसकट म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. ते पांढरपेशा वर्गापुरते खरे. इतर अनेक जातींत काडीमोड होती, फारकत होती, सोडचिठ्ठी होती, पाट होता. जातपंचायत बसे, काडी मोडली जाई, आणि दोघे मोकळी होत. मूल बापाच्या कुळाचे, अंगावर पिणारे असेल तर तेवढ्यापुरते आईबरोबर, अशी सर्वसाधारण समजूत. मुसलमानी कायद्याने मात्र संगोपन आणि पालकत्व या दोन गोष्टी फार पूर्वीच वेगळ्या केल्या होत्या : लहान मूल सांभाळण्याचा हक्क आईचा, त्याला 'हिजानत' म्हणत, आणि मालमत्तेची देखरेख बापाची. इंग्लंड ज्या वेळी अंगावरचे मूल बापाला देत होते त्या वेळी ही व्यवस्था आपल्या देशात चालू होती.

इंग्रज सरकारने १८९० साली पालक आणि पाल्य यांचा कायदा केला आणि तो आजही चालू आहे. मुलाचे वय, धर्म, पालकाचे चारित्र्य पाहावे, मूल समजण्याजोगे असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्यावी, असे त्यात आहे. परंतु त्यातच एक कलम असे की बाप जिवंत असून नालायक ठरला नसेल, तर दुसरा पालक नेमू नये. या कलमात बापाच्या जोडीला 'आई' हा शब्द बसवायला २०१० साल उजाडावे लागले! एकशे वीस वर्षे!

घटस्फोटाचे कायदे त्यामानाने लवकर आले. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याने १९३१ साली, मुंबई प्रांताने १९४७ साली, आणि साऱ्या देशाने १९५५ साली हिंदू विवाह कायद्याने ते केले. त्यावरची वादळे सर्वश्रुत आहेत. ती येथे उकरीत नाही. आमच्या विषयाला महत्त्वाचे ते १९५६ चे पालकत्वाचे कलम : हिंदू अज्ञानाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई, पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईजवळ असावे. सातबारावरची ती तीन अक्षरे येथे भेटतात. 'त्याच्यानंतर' म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, असेच सर्वांनी धरले. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे कर्जरोखे घेण्यासाठी अर्ज केला आणि बँकेने बापाची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ च्या फेब्रुवारीत निकाल लागला : 'त्याच्यानंतर' याचा अर्थ 'त्याच्या अभावी' असा घ्यावा; बाप लक्ष देत नसेल, दूर असेल, तर तो जिवंत असतानाही आई पालक. निकाल चांगलाच. पण तेथेही शब्द खोडला गेला नाही, त्याचा अर्थ तेवढा ताणला गेला. आई पहिल्या पंक्तीला बसली नाही. बापाचे पान रिकामे असेल तर तिने बसावे, एवढेच.

कौटुंबिक न्यायालये ही त्याच काळातली निर्मिती. घरच्या भांडणांचा निवाडा फौजदारी आणि दिवाणी दाव्यांच्या गर्दीत होऊ नये, ही मागणी स्त्रियांच्या चळवळींनी आणि विधी आयोगाने केली होती. १९८४ साली कायदा झाला आणि १९८९ साली महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे ही न्यायालये सुरू झाली. कल्पना उदात्त होती. न्यायाधीशाने आधी समेटाचा प्रयत्न करावा, विवाह समुपदेशकाने दोघांशी बोलावे, हवे तर काम बंद दाराआड चालावे, आणि वकील हा हक्काने नव्हे तर कोर्टाच्या परवानगीने यावा. प्रत्यक्षात वकील आले, तारखा आल्या.

आता मुलाचे तेथे काय होते ते पाहा. पती किंवा पत्नी घटस्फोटाचा अर्ज करते. त्याबरोबर मुलाच्या ताब्याचा अर्ज. आणि निकाल लागेपर्यंतची सोय म्हणून तात्पुरत्या ताब्याचा व भेटीचा अर्ज. समुपदेशक मुलाशी बोलतो. थोडे मोठे असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या खोलीत बोलावून घेतात. तात्पुरता हुकूम होतो : मूल एकाकडे, दुसऱ्याला भेट. भेट म्हणजे महिन्यातले दोन शनिवार, पुष्कळदा कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत. पुढे दिवाळीची आणि मे महिन्याची अर्धी अर्धी सुट्टी. तत्त्वतः मुलाविषयीचा कोणताही हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. पण व्यवहारात 'तात्पुरता' हाच शब्द सर्वांत टिकाऊ ठरतो. चार वर्षांचे मूल निकालाच्या दिवशी नऊ वर्षांचे असते. त्याची शाळा, सवंगडी, जेवणाची चव, सर्व एका घरात मुरलेले असते. आणि बसलेली घडी मोडू नये, असे कोर्टाला वाटले तर त्यात कोर्टाचे काय चुकले? म्हणून पहिल्या महिन्यात मूल ज्याच्या घरात, त्याचे पारडे जड. हे वकिलांना ठाऊक असते, पक्षकारांना लवकरच ठाऊक होते, आणि मग मूल शाळेच्या दारातून उचलण्याची, आजोळी पाठवून देण्याची घाई सुरू होते.

जातकात महोसधाची कथा आहे. एका मुलावर दोघी हक्क सांगतात. तो जमिनीवर रेघ ओढून दोघींना मूल ओढायला लावतो. मूल रडू लागताच जी हात सोडते तीच आई, असा निवाडा देतो. राजा सॉलोमनाची कथाही त्याच जातीची. या कथा आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. पण तेथे दोघींतली एक खोटी होती, ही गोष्ट आपण विसरतो. कौटुंबिक न्यायालयात ओढणारी दोघेही खरी असतात. आणि तेथे जो हात सोडतो त्याला महोसध उठून मूल देत नाही. त्याची गैरहजेरी लिहिली जाते. बेझंटबाईंनी हात सोडला आणि मुलांचे बालपण गमावले. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच बजावून ठेवले आहे की मुले ही आईबापांची चीजवस्तू नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. ते वचन निकालांतून वारंवार उद्धृत होते. ओढाओढ थांबलेली नाही, कारण हुकूमच असा असतो की एकाला सर्व आणि दुसऱ्याला शनिवार.

या कोंडीतून संयुक्त ताब्याची कल्पना निघाली. स्वीडनने सत्तरीच्या दशकात घटस्फोटानंतरही दोघांचे पालकत्व चालू राहण्याची वाट केली. कॅलिफोर्नियाने १९७९ साली कायदा केला. इंग्लंडने १९८९ साली तर कायद्यातून 'ताबा' हा शब्दच काढून टाकला. लग्न मोडले तरी दोघांची जबाबदारी अबाधित. मूल राहील कोठे आणि भेटेल कोणाला, एवढेच कोर्टाने सांगायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला. आईबापांपासून दुरावलेल्या मुलाने दोघांशीही नित्य संबंध ठेवावा, हा त्यात मुलाचा हक्क म्हणून लिहिला आहे, आईचा वा बापाचा म्हणून नव्हे. भारताने १९९२ साली तो मान्य केला. म्हणजे पुण्यामुंबईत आपण ताब्याचे अर्ज घेण्यासाठी नवी न्यायालये उघडत होतो, त्याच वर्षी ज्यांच्याकडून तो शब्द आला त्यांनी तो टाकून दिला होता!

आपल्याकडे २०१३ साली कर्नाटकाच्या हायकोर्टाने बारा वर्षांच्या एका मुलाबाबत हुकूम दिला : जानेवारी ते जून बापाकडे, जुलै ते डिसेंबर आईकडे; ज्याच्याकडे नसेल त्याने शनिवार-रविवारी भेटावे; खर्च निम्मा निम्मा. हा हुकूम पुष्कळ गाजला. आम्हाला त्याचे कौतुक वाटते आणि थोडी धास्तीही वाटते. दोन्ही घरे एका गावात, एका शाळेच्या टप्प्यात असतील तर हे साधेल. एक घर नागपूरला आणि दुसरे ठाण्याला असले तर मुलाने दप्तर कोठे ठेवावे? संयुक्त ताबा म्हणजे कॅलेंडर मधोमध कापणे नव्हे. शाळा कोणती, शस्त्रक्रिया करावी की नाही, पारपत्र कोणी सांभाळावे, हे निर्णय दोघांनी मिळून घेणे हा त्यातला मोठा भाग. दिवसांची वाटणी हा लहान भाग. शिवाय जेथे मारहाण आहे तेथे 'मिळून निर्णय' या शब्दांआडून जुनाच धाक परत घरात शिरतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने भेट मुलाला अपायकारक वाटल्यास ती नाकारण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला दिला आहे, तो योग्यच आहे. जपानसारख्या देशाने, जेथे घटस्फोटानंतर एकच पालक असा कायदा होता, २०२४ च्या मे महिन्यात तो बदलला. तेथेही सर्वांत मोठी चर्चा याच भीतीवर झाली.

विधी आयोगाने २०१५ च्या मे महिन्यात आपला २५७ वा अहवाल दिला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती अजित शहा. आईबाप दोघे एकाच दर्जाचे नैसर्गिक पालक असावेत. १८९० च्या कायद्यात संयुक्त ताब्याचे नवे प्रकरण घालावे. दिवस सारखेच वाटले पाहिजेत असे नाही, मुलाच्या हिताप्रमाणे प्रमाण ठरवावे, परंतु जबाबदारी आणि निर्णयाचा अधिकार दोघांचा सारखा असावा, असे त्यात सांगितले आहे. आजीआजोबांच्या भेटीचाही विचार केला आहे, आणि आपल्या घरांची घडण ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचे मोल कळेल. किती तरी मुलांना खरे वाढवलेले असते ते त्यांनीच.

कायदा होईपर्यंत काहीच करता येत नाही असे मात्र नाही. परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय १९७६ पासून आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सहा महिने थांबण्याची अटही माफ करता येईल. पण पोटगी, मुलाचा ताबा वगैरे सर्व प्रश्न दोघांनी खरोखर मिटवलेले असले पाहिजेत. ज्यांना शहाणपण सुचते ती जोडपी या संमतीच्या अटींत सर्व काही लिहून ठेवतात : सोमवार ते शुक्रवार कोठे, गणपतीत कोठे, आजारपणात कोणी धावायचे, फी कोणी भरायची, गाव बदलायचे झाल्यास किती आधी कळवायचे. कोर्ट अशा अटींना बहुधा मान्यता देते. अडचण आहे ती ज्यांचे भांडण या अटींपर्यंत पोचतच नाही त्यांची. त्यांच्या मुलांसाठीच तो अहवाल लिहिलेला होता. त्यातले संयुक्त ताब्याचे प्रकरण अद्याप कायद्यात उतरलेले नाही. तो अहवाल सरकारला सादर झाला त्या महिन्यात जन्मलेले मूल २०३३ साली सज्ञान होईल.